वाटेतली घट : मोबाईलला तारेने इंटरनेट

महिन्याची वीस तारीख. संध्याकाळचे सहा वाजून गेलेले. पेढीच्या पोटमाळ्यावर मुनीमजी जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरत बसले आहेत. खाली गल्ल्याजवळ धाकटे बंधू मोबाईलवर ई-वे बिल काढत आहेत, कारण माल भरलेली गाडी दाराशी उभी आहे. वरच्या मजल्यावर घरात नातवाचा ऑनलाइन वर्ग चालू आहे. तिघांच्याही पडद्यावर तेच गोल चक्र फिरते आहे. मग सर्वानुमते ठरते की, इंटरनेटचा आणखी मोठा प्लॅन घ्यावा. पुढच्या महिन्यात बिल वाढते. चक्र मात्र पूर्वीसारखेच फिरत राहते.

मुंबईचा झवेरी बाजार असो, पुण्याची रविवार पेठ असो वा सांगलीचा वखारभाग; खाली दुकान आणि वर घर अशी रचना असलेल्या जुन्या बाजारपेठांतून हा अनुभव नवा नाही. वस्तुतः व्यापाऱ्याच्या नित्याच्या व्यवहारबुद्धीत या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. वखारीतून शंभर किलो हळद निघाली आणि दुकानात साठच किलो उतरली, तर पुढच्या खेपेला कोणी दोनशे किलोची मागणी नोंदवत नाही. आधी वाटेत घट कुठे झाली, याचा शोध घेतला जातो. इंटरनेटच्या बाबतीत मात्र हा शोध न घेताच अधिक माल मागवला जातो.

घट कुठे होते?

इंटरनेटची वाट तीन टप्प्यांची असते. पहिला टप्पा सेवा देणाऱ्या कंपनीपासून पेढीतल्या राउटरपर्यंतचा. हल्ली तो बहुधा काचतंतूच्या केबलने पार होतो. दुसरा टप्पा राउटरपासून मोबाईलपर्यंतचा. तो वायफायने, म्हणजे हवेतून पार होतो. तिसरा टप्पा कंपनीच्या पलीकडचा, जिथे जीएसटीचे पोर्टल, बँक किंवा शेअर बाजाराची यंत्रणा असते. तिसऱ्या टप्प्यावर ग्राहकाचा काही इलाज चालत नाही. शेवटच्या तारखेला पोर्टलच मंदावले असेल, तर घरातली कोणतीही सुधारणा उपयोगी पडणार नाही. पहिला टप्पा प्लॅनच्या पैशांवर ठरतो. दुर्लक्षित राहतो तो मधला, आणि जुन्या इमारतींत सर्वाधिक घट नेमकी तिथेच होते.

ही घट मोजता येते. राउटरपासून चार-पाच फुटांवर मोबाईल धरून वेग तपासावा आणि आकडा लिहून ठेवावा. नंतर रोज जिथे काम चालते, म्हणजे पोटमाळा, गल्ला, वरची खोली, तिथे जाऊन पुन्हा तपासावा. हीच तपासणी सकाळी दुकान उघडताना, दुपारी आणि गर्दीच्या वेळी अशी तीनदा करावी. राउटरजवळचा आकडा प्लॅनच्या जवळपास असेल आणि पोटमाळ्यावरचा त्याच्या चौथाईवर आला असेल, तर कंपनीने माल पूर्ण दिला आहे. तूट घरातच पडली आहे. राउटरजवळही आकडा कमीच असेल, तर राउटरला तारेने जोडलेल्या संगणकावर एकदा तपासावे. तिथेही तो तोकडा निघाला, तर मात्र कंपनीकडे तक्रार करणे रास्त ठरते.

मापाविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात. फायलींचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर एका सेकंदास साडेबारा मेगाबाइटच उतरतात, आणि एक गीगाबाइटची फाईल यायला सुमारे ८० सेकंद लागतात. यात फसवणूक नाही. मापाचे एकक निराळे आहे इतकेच.

हवेतला बाजार

हवेतून जाताना घट का होते? वायफायचे काम रेडिओ लहरींवर चालते आणि एका वेळी एका वाहिनीवर एकच उपकरण बोलू शकते. बाकीच्यांना थांबावे लागते. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, हवा मोकळी असेल तरच बोलते, आणि दोघे एकदम बोलले तर दोघांनाही पुन्हा बोलावे लागते. शिवाय, शेजारच्या दहा दुकानांचे राउटर याच हवेत बोलत असतात. वायफायच्या जुन्या २.४ गीगाहर्ट्झ पट्ट्यात वाहिन्यांचे क्रमांक पुष्कळ असले, तरी एकमेकींना न अडवणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन आहेत. ब्लूटूथची साधने आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात वावरतात. ५ गीगाहर्ट्झचा पट्टा अधिक प्रशस्त व वेगवान आहे. परंतु त्याच्या लहरी भिंती ओलांडताना लवकर क्षीण होतात. दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि दुकानातली लोखंडी कपाटे यांपुढे त्यांचे फारसे चालत नाही.

एकाच हवेत अनेकांनी बोलण्याची ही अडचण संगणकशास्त्रात फार पूर्वी अभ्यासली गेली आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडणारी ‘अलोहा’ ही यंत्रणा सुरू केली. ज्याला जेव्हा बोलायचे असेल तेव्हा त्याने बोलावे, असा तिचा साधा नियम होता. गणिताने दाखवून दिले की, या पद्धतीत उपलब्ध क्षमतेपैकी अधिकात अधिक १८ टक्केच कामी येते; उरलेली एकमेकांच्या बोलण्यात आणि रिकाम्या वेळात वाया जाते.

रॉबर्ट मेटकाफ यांनी आपल्या हार्वर्ड येथील प्रबंधासाठी या यंत्रणेचा अभ्यास केला. पुढे कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करत असताना २२ मे १९७३ रोजी त्यांनी एक टिपण लिहिले. रेडिओऐवजी एका केबलवरून संगणक जोडण्याची कल्पना त्यात मांडलेली होती. डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. पूर्वीचे शास्त्रज्ञ ज्या ‘ईथर’ नावाच्या सर्वव्यापी माध्यमातून प्रकाश वाहतो असे मानत, त्यावरून या पद्धतीस ‘इथरनेट’ हे नाव मिळाले. आरंभीचा वेग २.९४ एमबीपीएस होता. १९८३ मध्ये या पद्धतीला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. या कार्यासाठी मेटकाफ यांना २०२२ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

पुढे स्विच नावाच्या पेटीने प्रत्येक संगणकास स्वतःची वेगळी तार मिळाली आणि बोलण्यासाठी वाट पाहण्याची गरजच संपली. आजच्या तारेत वळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यामुळे आवक आणि जावक एकाच वेळी, परस्परांना न अडवता चालते. रोज वापरातली ‘कॅट ५ई’ प्रकारची तार १०० मीटरपर्यंत १००० एमबीपीएस वेग वाहून नेते. संगणकाला ही सोय कित्येक वर्षे मिळते आहे. ती मोबाईललाही मिळू शकते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

मोबाईलला तार कशी जोडावी

यासाठी लागणारे साधन लहान आहे. एका टोकाला मोबाईलच्या चार्जिंगच्या खाचेत बसणारी टाईप-सी पिन आणि दुसऱ्या टोकाला इंटरनेटच्या तारेची चौकोनी खाच, असा अडॅप्टर संगणकाच्या दुकानात ‘टाईप-सी टू लॅन’ या नावाने मिळतो. मोबाईलला पेनड्राइव्ह किंवा माउस जोडू देणारी ‘ओटीजी’ ही व्यवस्था २००१ सालापासून अस्तित्वात आहे. अडॅप्टर तिच्याच आधाराने चालतो. बहुतेक अँड्रॉइड मोबाईलमध्ये त्यासाठी वेगळे ॲप घ्यावे लागत नाही. आयफोनमध्ये २०२३ च्या १५ क्रमांकाच्या मालिकेपासून टाईप-सी खाच आली. त्याआधीच्या आयफोनसाठी लाइटनिंग पिनचा निराळा अडॅप्टर लागतो, आणि त्याला बहुधा बाहेरून वीज द्यावी लागते.

जोडणी सरळ आहे. राउटरच्या मागे ‘लॅन’ असे लिहिलेल्या खाचांपैकी एकीत तारेचे एक टोक घालावे, दुसरे अडॅप्टरमध्ये, आणि अडॅप्टर मोबाईलमध्ये. कंपनीची भिंतीतून आलेली तार थेट मोबाईलला लावू नये; जोडणीचे नाव आणि पासवर्ड बहुधा राउटरमध्येच नोंदवलेले असतात, त्यामुळे थेट जोडल्यास इंटरनेट चालू होत नाही. अँड्रॉइड मोबाईलमध्ये वरच्या पट्टीवर दोन कोनी कंस आणि त्यांमध्ये तीन ठिपके असे चिन्ह उमटले की, जोडणी झाली असे समजावे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘इथरनेट’ अशी नवी ओळ दिसू लागते. खात्री करून घ्यायची असेल, तर वायफाय आणि मोबाईल डेटा दोन्ही बंद करून एखादे पान उघडून पाहावे.

चिन्ह उमटले नाही, तर मोबाईल बिघडला असे लगेच मानू नये. काही कंपन्यांच्या मोबाईलमध्ये ओटीजी सेटिंग्जमधून स्वतः सुरू करावे लागते, आणि काही वेळ न वापरल्यास ते आपोआप बंद होते. काही जुन्या मोबाईलमध्ये ही सोय मुळातच नसते. म्हणून अडॅप्टर घेताना मोबाईल सोबत न्यावा आणि दुकानातच जोडून पाहावा.

तार लावल्यावर फोन येणे-जाणे पूर्ववत चालू राहते, कारण ते सिमकार्डावर अवलंबून असते. यूपीआयचे व्यवहारही होतात; फक्त नोंदणीच्या वेळी सिमवरून संदेश जावा लागतो, म्हणून त्या वेळी मोबाईल विमान मोडवर ठेवू नये.

सर्वांत अरुंद जागा

तार लावली म्हणजे वेग आकाशाला भिडेल, ही अपेक्षा चुकीची आहे. पाणी नळाच्या सर्वांत अरुंद भागातून जेवढे येईल तेवढेच मिळते. तारेच्या वाटेवर असे अरुंद भाग चार असू शकतात.

पहिला प्लॅन. ५० एमबीपीएसच्या प्लॅनवर तारेने ५० च मिळणार. दुसरा राउटर. अनेक स्वस्त राउटरच्या तारेच्या खाचा १०० एमबीपीएसच्याच असतात. अशा राउटरवर ३०० चा प्लॅन असेल, तर तारेने प्रत्यक्षात ९४-९५ मिळतील, आणि जवळ बसून ५ गीगाहर्ट्झच्या वायफायने त्याहून अधिक मिळू शकतील. इथे तार लावणे तोट्याचेच ठरेल. तिसरा अडॅप्टर. काही शे रुपयांचे साधे अडॅप्टर १०० एमबीपीएसचे असतात; गीगाबिटचे त्याहून महाग असतात. प्लॅन १०० किंवा त्याखालचा असेल, तर महाग अडॅप्टरचा काहीच लाभ नाही.

चौथी जागा सहसा लक्षात येत नाही, आणि ती मोबाईलच्या आत असते. टाईप-सी हा केवळ खाचेचा आकार आहे. तिच्या मागची यूएसबी जुन्या पिढीचीही असू शकते. यूएसबी २.० ची कागदोपत्री मर्यादा ४८० एमबीपीएस असून प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास हाती पडतात. मध्यम किमतीच्या बहुसंख्य मोबाईलमध्ये हीच पिढी आढळते. आयफोन १५ मध्येही ती आहे. १५ प्रो मध्ये मात्र १० गीगाबिटपर्यंतचा वेग मिळतो. म्हणून हजार एमबीपीएसचा प्लॅन घेऊन मध्यम किमतीच्या मोबाईलला तार लावली, तरी उरलेला वेग मोबाईलच्या दारातच अडतो. दुकानाच्या कामासाठी तीनशे पुष्कळच झाले. परंतु जे मिळणार नाही त्याचे पैसे तरी का मोजावेत?

वेगाहून मोलाचे काय?

हा सगळा हिशेब मांडल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. तारेचा खरा लाभ मोठ्या आकड्यात नाही. यूपीआयचा एक व्यवहार, एक ई-वे बिल किंवा एक सौदा यांना फारच थोडा डेटा लागतो. त्यांना गरज असते ती प्रत्येक निरोप वेळेवर पोहोचण्याची. राउटरपर्यंत जाऊन येण्यास तारेवर सामान्यतः एक-दोन मिलिसेकंद लागतात आणि दिवसभर ते तसेच राहतात. वायफायवर मोकळ्या वेळी तीन-चार मिलिसेकंद लागत असतील, पण गर्दीच्या क्षणी तेच शंभरावर जाऊ शकतात, आणि मधले काही निरोप हरवून पुन्हा पाठवावे लागतात. सरासरी वेग उत्तम दिसतो. काम मात्र ऐन क्षणी अडते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुहूर्ताचे सौदे जेमतेम तासाभरात होतात. मोबाईलवरून सौदा टाकणाऱ्याला तेव्हा सरासरीचा काहीच आधार नसतो.

हीच गोष्ट थेट प्रक्षेपणाची. चातुर्मासातील प्रवचनांचे थेट प्रक्षेपण, जिथे त्यास अनुमती असते तिथे, अनेक ठिकाणी स्वयंसेवक एका मोबाईलवरूनच करतात. सभागृह भरू लागले की शेकडो मोबाईल त्याच हवेत आणि त्याच टॉवरवर येतात. प्रक्षेपणास जावक लागते. पूर्ण एचडी चित्रासाठी साधारण ५ ते १० एमबीपीएस, पण अखंड. गर्दी वाढेल तसतशी नेमकी ही जावकच आकसते. परगावी, अंथरुणाला खिळलेली एखादी आजी मोबाईल कानाशी धरून ऐकत असते, आणि वाक्य अर्ध्यावर तुटते. सभागृहाच्या कार्यालयात ब्रॉडबँड असेल, तर तिथल्या राउटरपासून तिपाईवरच्या मोबाईलपर्यंत एक तार ओढल्याने वाटेतली अडचण दूर होते. अंतर आधी मोजावे, ते १०० मीटरच्या आत असावे. तार भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने बसवावी, म्हणजे कोणी अडखळणार नाही. दोन तासांच्या प्रक्षेपणात बॅटरी संपते, म्हणून चार्जरचीही जोडणी असलेला अडॅप्टर निवडावा, आणि आदल्या दिवशी अर्धा तास रंगीत तालीम घ्यावी.

उलट दिशेची तार

कधी अडचण उलटीही असते. रस्ता खोदताना काचतंतू तुटतो, पेढीतले इंटरनेट बंद पडते, आणि तारीख नेमकी वीस असते. अशा वेळी मोबाईलचा डेटा संगणकाला देण्यासाठी बहुतेक जण हॉटस्पॉट लावतात. त्याऐवजी चार्जिंगचीच, पण डेटा वाहून नेणारी केबल संगणकाला जोडून मोबाईलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. हवेतला एक टप्पा कमी होतो, मोबाईलची बॅटरीही भरत राहते. मोबाईल खिडकीपाशी, जिथे टॉवरची ताकद चांगली मिळते तिथे ठेवता यावा, म्हणून केबल थोडी लांब असावी. काही स्वस्त केबली केवळ चार्जिंगच्या असतात, डेटा नेत नाहीत. म्हणून एक तपासलेली केबल मुनीमजींच्या खणात कायम ठेवावी.

जपणूक

तारेचे काही दोषही आहेत. मोबाईल एका जागी बांधला जातो. म्हणून ही सोय गल्ल्यावरच्या, हिशेबाच्या किंवा प्रक्षेपणाच्या मोबाईलसाठीच योग्य आहे. अडॅप्टर मोबाईलच्या बॅटरीवर चालतो आणि तापतो. खाचेवर तारेचा ताण पडला, तर ती सैल होते. मोबाईल स्टँडवर ठेवून तारेला थोडी ढील द्यावी. पावसाळ्यात एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून तांब्याची तार नेऊ नये. वीज कडाडली असता तिच्यातून आलेला धक्का राउटरसह सर्व साधने जाळू शकतो. काचतंतूतून वीज वाहत नाही, तांब्यातून वाहते, हा फरक विसरू नये.

सुरक्षिततेची बाजूही पाहावी. वायफायचा पासवर्ड हळूहळू ग्राहक, हमाल, शेजारी अशा सर्वांच्या तोंडी होतो. पैशांचे व्यवहार चालणारी साधने तारेवर घ्यावीत आणि आल्या-गेल्यासाठी राउटरमध्ये पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क ठेवावे. यामुळे हवेतली गर्दीही थोडी कमी होते, आणि वायफायवर राहिलेल्यांनाही त्याचा लाभ मिळतो.

आधी हिशेब, मग खरेदी

प्रत्येक मोबाईलला तार लावण्याची गरज नाही. राउटर कोपऱ्यातल्या कपाटातून काढून मध्यावर, थोड्या उंचीवर ठेवल्याने काही घरांत प्रश्न सुटतो. काही ठिकाणी संगणक व टीव्ही तारेवर घेतले की मोबाईलपुरती हवा मोकळी होते. अडॅप्टरची पाळी त्यानंतर यावी, आणि मोठ्या प्लॅनची सर्वांत शेवटी.

त्यासाठी लागते ती एक कोरी वही आणि तीन वेळांचे आकडे. राउटरजवळ किती, कामाच्या जागी किती, तार लावल्यावर किती. हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडले की, कंपनी माल पूर्ण देते की नाही आणि घट कोणत्या टप्प्यावर होते, हे कोणालाही उमगेल. रोजमेळ जुळवताना दहा रुपयांची तूट सापडेपर्यंत न उठणाऱ्या घरांना हे काम अवघड वाटू नये. पुढच्या वीस तारखेला गाडी दाराशी उभी असेल, तेव्हा ई-वे बिल वेळेवर निघेल आणि मुनीमजी दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचतील.